गौरीच्या ओळखीचा सदरा

बाबांच्या चुलतभावाइतका शिस्तीचा शेतकरी अख्ख्या बंगळूरात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने आमच्याकडे येऊन शिकवणी लावावी. हेब्बाळच्या तलावापलीकडे त्यांची एक एकराच्या आतबाहेरची जमीन. तिच्यावर एक गाय, बऱ्याच कोंबड्या, केळी, शेवगा, पपया, दोन नारळ आणि भाजीचे वाफे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, काकूसुद्धा. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं लेथवर काम केलं, मग फोरमन झाले, आणि पुरेसं लोखंड कापून झालं असं वाटल्यावर वेळेआधीच नोकरी सोडून इथे आले. येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या. एक हाताने फिरवायचा जुना भोंगा आणि दुसरा अंगावरचा खाकी सदरा.

भोंगा गोठ्याच्या खांबाला ठोकला आहे. सकाळी तो वाजला की कोंबड्यांची पहिली पाळी सुरू होते. एकदा त्याचा दांडा तुटला, तर उघड्या खुराड्यातून एकही कोंबडी बाहेर पाय टाकेना. शेवटी अण्णांनी दोन्ही हात तोंडाशी धरून स्वतः भोंग्याचा आवाज काढला. कोंबड्या निमूट बाहेर आल्या, आणि पलीकडच्या वस्तीतला एक माणूस चौकशीला आला की घरात कुणाला काही झालं का.

सदऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला मशीनच्या तेलाचा वास होता आणि कितीही धुतला तरी तो जात नसे. काकू म्हणायच्या, "अण्णा, हा वास म्हणजे तुमची पेन्शन आहे बघा." अण्णा म्हणायचे, "सरी, बरं, मग पेन्शन कुणी धुतं का?"

त्यांना कुठलंही झाड परकं वाटत नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी कुंडीत बोट खुपसतात, मग चपला काढतात. बँकेत गेले आणि मॅनेजरच्या टेबलावरच्या मनीप्लँटमध्ये बोट घालून म्हणाले, "साहेब, हिला तुम्ही बुडवताय. स्वल्प तहान लागू द्या." दुधीचं बी ते राखेत घोळवून ठेवतात म्हणजे कीड लागत नाही. पपईच्या रोपांना फुलं येईपर्यंत नर कोण, मादी कोण ते कळत नाही, म्हणून एका आळ्यात तीन-तीन लावतात. मग एखादा नर ठेवून बाकीचे उपटताना म्हणतात, "माफ कर रे, व्हेकन्सी नाही."

मी दर रविवारी तिथे जायची, अजूनही जाते. मी फारशी बोलत नाही. माझी शाळा इंग्रजी, घर मराठी, गल्ली कन्नड. कुठली भाषा काढायची ते ठरेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. बाकी नातेवाइकांना याची काळजी वाटते. अण्णांना मात्र माझ्यात एक गुण दिसला. "हिला गोठ्यात पाठवा," ते म्हणाले. "बडबड्या माणसापुढे गाय दूध चोरते." तेव्हापासून धारेच्या वेळी गौरीच्या तोंडाशी बसायचं काम माझं. अण्णा कोमट पाण्याने कास धूत, वासराला जरा पिऊ देत, मग ते माझ्या हाती देऊन धारेला बसत. गौरी वळून एकदा त्यांचा सदरा हुंगायची आणि मग पान्हा सोडायची. हे हुंगणं रोजचं होतं, त्यामुळे त्याकडे कुणाचं लक्ष नसे. माझं होतं, कारण तिथे बसून मला दुसरं काही काम नव्हतं.

त्यांच्या मुलीचं, सुमाताईचं लग्न पुण्यातल्या मुलाशी ठरलं. साखरपुड्याला आलेल्या मुलाच्या काकांनी कंपाउंडभर नजर फिरवली आणि हसून विचारलं, "हेच का ते शेत? आमच्याकडे याला परसबाग म्हणतात."

अण्णांचा कान लाल झाला. पाहुणे निघताना ते फाटकाशी म्हणाले, "लग्नाच्या सकाळी तुम्ही गाडीतून उतराल ना, पहिली कॉफी याच परसबागेची. पाकिटाचं दूध या अंगणात येणार नाही."

पाहुणे हसले. आम्ही हसलो नाही, कारण आम्ही अण्णांना ओळखत होतो. गौरी लग्नाच्या थोडं आधी विईल असा हिशेब त्यांनी अगोदरच बसवलेला होता, आणि तिनेही त्यांचं ऐकलं. चीक संपून चांगलं दूध सुरू झालं. वऱ्हाड थोडकं, चाळीसेक माणसांचं. दूध पुरून उरलं असतं. काकूंचा मात्र एकट्या गायीवर विश्वास नव्हता. त्यांनी आदल्या दिवशी पाकिटं आणवून न्हाणीघरातल्या बादलीत बुडवून ठेवली, वर ताट झाकलं, आणि मला फक्त एवढंच म्हणाल्या, "तू बोलत नाहीस ते बरं आहे, मगळे, माझ्या पोरी."

लग्नाच्या पहाटे अण्णा अंघोळ करून, रेशमी धोतर नेसून, साखरपुड्यात व्याह्यांनी दिलेलं अत्तर लावून गोठ्यात आले. गौरीने वळून हुंगलं. मग तिने मान उंच केली आणि पाय झाडला. वासराला प्यायला सोडलं, अण्णा पुन्हा बसले. बादलीत चार थेंब पडले.

"अगं, मी आहे!" अण्णा म्हणाले. गौरीला ते पटलं नाही. त्यांनी तिला चुचकारलं, गूळ दिला, मग फोरमनच्या आवाजात दम दिला. तिकडे स्टेशनवरून वऱ्हाडाच्या गाड्या निघाल्याचा फोन शेजारी आला. काकू दारातून हळूच म्हणाल्या, "पाकिटं मागवू का? व्याह्यांना काय कळणार आहे?"

अण्णा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "मला कळेल ना," ते म्हणाले.

तेव्हा मी बोलले. "अण्णा, सदरा."

"कुठला सदरा?"

"खाकी. ती रोज हुंगते."

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खाली पाहिलं. व्याह्यांसमोर ते भोकं पडलेलं ध्यान नको म्हणून त्यांनी सदरा फाडून त्याची फडकी केली होती, समया घासायला. मी धावत देवघरात गेले आणि त्यातल्या त्यात मोठं फडकं घेऊन आले. त्याला चिंचेचा वास येत होता, पण त्याखाली तेलाचाही होता. अण्णांनी ते डोक्याला गुंडाळलं, अत्तराचे हात राखेने घासले आणि पुन्हा बसले.

गौरीने हुंगलं. खूप वेळ हुंगलं. मग एक लांब श्वास सोडला, आणि बादलीत धार वाजायला लागली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि कॉफीचं आधण ठेवायला पळाल्या.

वऱ्हाड फाटकात शिरलं तेव्हा अण्णा स्वतः कॉफीचा ट्रे घेऊन उभे होते, अंगावर रेशीम आणि डोक्याला फडकं. पुण्याच्या काकांनी एक घोट घेतला, मग दुसरा. "दूध..." ते म्हणाले.

"परसबागेचं," अण्णा म्हणाले.

"आणि हा फेटा?"

"हा गौरीने बांधलाय. तुमचा आत ठेवलाय, या."

काकांनी दुसरा पेला मागून घेतला. मी खांबाआड उभी होते. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर हे माझे अण्णा असं मी तिन्ही भाषांत सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

बादलीतल्या पाकिटांचं काकूंनी गुपचूप दही लावलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते भातावर घेतलं, बोट चाटलं आणि म्हणाले, "बघ, आपल्या गायीचं दही. बाजारात मिळेल का असं?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी भात खात राहिले.

आता सुमाताई पुण्यात असते. तलावाच्या बाजूने घरं वाढत चालली आहेत आणि भोंग्याबद्दल नव्या शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. अण्णांचे गुडघे गेल्या वर्षापासून दुमडत नाहीत, त्यांना धारेला बसता येत नाही. रविवारी मी बसते. खांबावरच्या खिळ्याला ते फडकं असतं, ते डोक्याला बांधते, गौरी हुंगते. अण्णा दाराबाहेर पाठ करून उभे राहतात, आणि धार वाजायला लागेपर्यंत एक शब्दही बोलत नाहीत.