दसऱ्याच्या हाराची साक्ष

ती सुनावणी आठवली की आजही माझे कान गरम होतात. घरी मी ही गोष्ट सुरू केली की सौभाग्यवती आधीच हसायला लागतात.

तेव्हा मी नवी मुंबईत वाहतूक शाखेत होतो. दसऱ्याच्या संध्याकाळी नेरूळच्या सिग्नलवर एका टेम्पोने लाल दिवा तोडला. कॅमेऱ्याने फोटो टिपला, ई-चलान गेले. नंबर सारसोळ्याच्या एका मासळीवाल्याचा. मी त्याचे लायसन्स जमा करून निलंबनाचा प्रस्ताव तयार केला. तीन महिने टेम्पो बंद, म्हणजे मासळी पोचवायचे त्याचे काम दुसऱ्याकडे जाणार.

चौकीत तासभर उलटसुलट विचारले. गडी हलेना.

"साहेब, दसऱ्याला पूजलेली गाडी आमी हलवत नाय. दारातच उभी व्हती."

"सगळे असंच सांगतात."

"मंग कोर्टात सांगतो!"

कोर्टात त्याने मोबाईल पुढे केला. सकाळचा फोटो: टेम्पोला झेंडूचा जाडजूड हार, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक. चलानच्या फोटोतला टेम्पो मात्र बोडका. हे माझ्या लक्षातच आले नव्हते! तरी मी रेटून म्हणालो, "मॅडम, हार काढून गाडी चालवली असेल."

न्यायाधीश मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. "साहेब, तुमच्या जीपला दसऱ्याला हार घालता?"

"हो, मॅडम. नारळही फोडतो."

"मग संध्याकाळी काढून ठेवता का?"

आयुष्यभर मी लोकांची उलटतपासणी केली. एका प्रश्नात माझीच झाली. "नाही, मॅडम. सुकून गळेपर्यंत राहतो."

सगळे कोर्ट हसले. चलान रद्द. "आता हाच नंबर लावून फिरणारा दुसरा टेम्पो शोधा," मॅडम म्हणाल्या.

मी पेटलोच! सगळीकडे खबरे लावले. चौथ्या दिवशी करंजाडेहून फोन आला, "साहेब, तोच रंग, तोच नंबर!" धावत पोचलो. चालक पाच मिनिटांत बोलला. त्याच्या गाडीचे परमिट संपले होते, म्हणून सारख्या दिसणाऱ्या टेम्पोचा नंबर रंगवून घेतला होता.

त्या दिवसापासून चलानचा फोटो हाती आला की मी आधी गाडी बघायचो, नंबर नंतर. इतकी साधी गोष्ट शिकायला मला वीस वर्षांची नोकरी आणि एक मासळीवाला लागला.

लायसन्स परत द्यायला मी स्वतः सारसोळ्याला गेलो, माफी मागितली. त्याने ते उलटून-पालटून दोनदा वाचले.

"काय झालं?"

"काय नाय साहेब. फोटो माझाच हाय ना, बघत व्हतो."