यांच्या आवाजाचं बटण

घशाच्या कॅन्सरमध्ये यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्यानंतरची सहा वर्षं हे मशीननं बोलत. लहान टॉर्चएवढं मशीन. हनुवटीखाली गळ्याला टेकवायचं, अंगठ्यानं बटण दाबायचं. त्याची घरघर तोंडात शिरायची आणि ओठ हलले की तिचे शब्द व्हायचे. एकसुरी, पण स्पष्ट. बडोद्यात वासणा भागातल्या आमच्या सोसायटीतली मुलं यांना रोबोटदादा म्हणत. हे मुद्दाम त्यांच्या मागे जाऊन "केम छो" म्हणायचे आणि पोरं किंचाळत पळाली की दिवसभर खूश असायचे.

हे कोयलीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते. उपकरणं उघडण्यात आणि पुन्हा नीट बसवण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. बडोद्याचा दमटपणा, गळ्याचा घाम, यामुळे बटणाच्या आतले धातूचे कॉन्टॅक्ट काळवंडायचे आणि शब्द मधेच तुटायचे. मग जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं जाई. बॅटरी काढून बाजूला ठेवायची. कॉन्टॅक्ट साफ करायच्या स्प्रेच्या डब्याला बारीक नळी लावून बटणाच्या फटीत एकदाच फुस्स करायचं, मग बटण वीस-पंचवीस वेळा दाबायचं, म्हणजे आतला मळ सुटतो. नंतर पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच बॅटरी. तेवढा वेळ हे मुके. मी उगाच काहीबाही बोलत राही आणि हे मान हलवत.

एकदा मी विचारलं होतं, "दाराच्या कडीला मारतो तो स्प्रे नाही का चालणार?"

"ते तेल आहे," मशीन वाळल्यावर हे म्हणाले. "आज चालेल, पण मग त्यावर धूळ बसेल. आणि दुसरा एक असतो, फार जहाल. धातूला चांगला, पण प्लॅस्टिक खातो. प्लॅस्टिकला चालतो असं डब्यावर लिहिलेलं बघून घ्यायचा. तरीसुद्धा आधी एखाद्या जुन्या झाकणावर मारून बघायचा."

मी ऐकलं. यांच्या खात्यातली गोष्ट, मला कशाला लागतेय, अशा कानांनी ऐकलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बंगळूरहून मुलीचा फोन आला. रजा मिळत नाही, येता येणार नाही, म्हणाली. हे मशीन लावून म्हणाले, "मग येऊच नकोस." साध्या आवाजात म्हणाले असते तर त्यात राग किती आणि वाईट वाटणं किती, ते तिला कळलं असतं. मशीनला एकच सूर. यांनी फोन माझ्या हातात दिला.

तो आठवडा हे कुणाशी धड बोलले नाहीत. त्यात अंगात कणकण आणि हातांना कंप. शनिवारी मशीन तुटक बोलायला लागलं.

"उद्या अकराला तिचा फोन येईल," हे म्हणाले. निम्मे शब्द गळत होते. "मला बोलायचंय. हे साफ कर. माझा हात थरथरतो."

घरातला डबा रिकामा निघाला. संध्याकाळी मी दुकानात गेले. दुकानदारानं एक डबा पुढे ठेवला. "बेन, आ सौथी स्ट्राँग. एक वारमां साफ." डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती आणि माझा चष्मा घरी होता. सगळ्यात स्ट्राँग आणि एका फवाऱ्यात साफ, म्हणजे सगळ्यात चांगला, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी यांचा डोळा लागला होता. उठायच्या आत मशीन तयार ठेवावं म्हणून मी बसले. बॅटरी काढली, नळी लावली, फवारलं. पुरेसं वाटलं नाही म्हणून पुन्हा फवारलं. बटण दाबायला लागले तर पाच-सहा वेळा ठीक चाललं, मग चिकट लागलं. अंगठा उचलला तर माझ्या बोटाचा ठसा त्यावर उठलेला. थोड्या वेळात ते तसंच दबलेलं घट्ट झालं. बॅटरी घातली तशी मशीन जे घरघरायला लागलं ते थांबेचना.

त्या आवाजानं हे उठून आले. बॅटरी काढली, बटण खिडकीशी नेऊन पाहिलं, डबा नाकाशी धरला. मी रडायला लागले होते. यांनी पेन घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, "झाकणावर मारून बघितलं नाहीस ना?" मी मान हलवली. यांनी खाली लिहिलं, "असू दे."

अकराला फोन आला. "बाबा कुठेत?" मुलीनं विचारलं.

"झोपलेत," मी म्हणाले.

हे समोरच्या खुर्चीत बसले होते. माझ्याकडे पाहत राहिले. फोन ठेवल्यावर वही ओढून लिहिलं, "झोपलोय का मी?" आणि हसले. मला हसू आलं नाही. माझी चूक लेकीला सांगायची मला लाज वाटली, एवढंच खरं.

नवीन मशीन मागवलं, पण ते मुंबईहून यायला दोन-तीन आठवडे लागणार होते. बुधवारी तिचा पुन्हा फोन आला आणि मी पुन्हा तेच सांगितलं. नंतर यांना म्हणाले, "लिहून पाठवू या का तिला?" यांनी लिहिलं, "लिहून नको. बोलेन."

शुक्रवारी धाप लागली. न्यूमोनिया झाला होता. आयसीयूत मला दहा मिनिटं आत सोडलं. हात सुजले होते, पेन धरवेना. यांनी माझं मनगट धरलं आणि अंगठ्यानं दाबायला लागले. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, आणि ओठ हलत होते. मला एक शब्दही वाचता आला नाही. मी नुसती "हो, हो" म्हणत राहिले. मुलगी रविवारी पोचली तेव्हा हे शुद्धीत नव्हते. सोमवारी पहाटे गेले.

तेरावा झाल्यावर मशीनचं खोकं आलं. न उघडताच मी ते यांच्या डॉक्टरांकडे नेऊन दिलं. दुसऱ्या कुणाला तरी हवंच असेल.

मुलीला सांगायला मला चार महिने लागले. फोनवरच सांगितलं, समोर जमलं नसतं. डबा, बटण, दोन्ही वेळा मी खोटं बोलले ते, सगळं.

ती म्हणाली, "आई, मला वाटत होतं बाबा रागावून फोनवर येत नाहीयेत. मी तेच धरून बसले होते."

"नाही गं. बोलायचं होतं त्यांना. त्यासाठीच तर मी ते साफ करायला घेतलं."

"काय बोलणार होते?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिच्या रडण्याचा आवाज आला. मी वाट बघत होते की आता ती मला काहीतरी बोलेल. तिनं डोळे पुसले असावेत. म्हणाली, "आणि तू हे सगळं एकटीच घेऊन बसलीस?"

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.