विषय : बाबांना एक वाक्य मिळणेबाबत

आमच्या मस्कतच्या नाटकमंडळात किस्से आठवून ठेवावे लागत नाहीत. नाना ते स्वतःच काढतात, तेही तीन प्रतींत!

नाना म्हणजे आमचे निर्माते, दिग्दर्शक आणि हीरो. वय एकसष्ट. अख्खी नोकरी एका कन्स्ट्रक्शन कंपनीचा पत्रव्यवहार सांभाळण्यात गेली, त्यामुळे हा माणूस समोर बसलेल्याशीही पत्रानेच बोलतो. लेटरहेड, जावक क्रमांक, विषय. पत्र मिळालं की दुसऱ्या प्रतीवर सही करून पोच द्यायची. पाकिटावरसुद्धा विषय हवा. व्हॉट्सअॅप का नाही? "ते भाजी सांगायला!"

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून पुण्याहून मस्कतला, अल हैलच्या घरी आईबाबांकडे परत आले, तेव्हा नाना सांत्वनाला आले. दोनदा "अरेरे" म्हणाले, चहा प्यायले आणि तिसऱ्या मिनिटाला, "म्हणजे टायपिंगला वेळ आहे हिला!"

मी टाइप केलेलं पहिलं पत्र मलाच होतं. "विषय : तालमीत हसल्याबाबत." मीच टाइप केलं, मीच मला दिलं, मीच पोच दिली.

*

नवीन नाटकाचा हीरो पंचवीस वर्षांचा. अर्थात नाना! हिरोइन सँड्रा, वसईची, इथल्या एका हॉटेलात रिसेप्शनला. वय सत्तावीस. तिला पत्र गेलं : "विषय : नायकाकडे प्रेमाने न बघितल्याबाबत."

सँड्राने पोच दिली आणि तिथेच खाली उत्तर लिहिलं.

"डिअर गेस्ट, आपली रिक्वेस्ट मिळाली. प्रेम सध्या फुल्ली बुक्ड आहे. आपलं नाव वेटिंगला टाकलंय."

नानांनी ते फाइल केलं. खरंच!

*

इथे जाहीर प्रयोगाआधी सरकारी खात्याकडून संहिता मंजूर करून घ्यावी लागते. इंग्रजी सारांश घेऊन नाना आणि मी गेलो. तिथला ऑफिसर भला माणूस. आम्हाला कहवा दिला, सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "हा पंचवीस वर्षांचा मुलगा कोण करतोय?"

"मी!" नाना ताठ बसून म्हणाले.

ऑफिसरने नानांकडे बघितलं. मग अर्जाला जोडलेल्या रेसिडेंट कार्डाच्या झेरॉक्सकडे बघितलं. मग परत नानांकडे.

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

*

सेट माबेला भागात राहणाऱ्या सावंतकाकांनी बनवला. नानांची एंट्री दारातून, आणि दार उघडलं की नाना दाराच्याच मागे झाकले जायचे. सावंतांना पत्र गेलं : "विषय : दार चुकीच्या बाजूस उघडत असल्याबाबत."

सावंतांनी खिशातून ड्रॉइंग काढलं. "नाना, ही सही कोणाची?"

सही नानांचीच! झालं होतं असं, की नाना तालमीत चष्मा लावत नाहीत. पंचवीस वर्षांच्या पोराला कसला चष्मा? त्यामुळे कागद पुढे केला की पेन्सिलीची फुली कुठे आहे एवढंच चाचपतात आणि तिथे सही ठोकतात.

"मग आता मी आत कसा येऊ?"

"खिडकीतसून येवा," सावंत म्हणाले. "तुमचा वय पंचवीसच आसा मां!"

*

आता माझे बाबा. एका एसी कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर. माल मोजून द्यायचा आणि ड्रायव्हरकडून सही घ्यायची, हे दिवसभराचं काम. संध्याकाळी तालीम. मंडळात अठरा वर्षं. एवढ्या वर्षांत पोलीस, नोकर, मुडदा, परत नोकर. वाक्य? एकही नाही! सगळी वाक्यं नानांना लागतात.

बाबांची नोकरी संपत आली होती. पुढच्या महिन्यात चिपळूण, कायमचं. म्हणजे हे शेवटचं नाटक, आणि काम काय? दुसऱ्या अंकात ट्रेमधून हीरोला पत्र आणून देणारा नोकर. मुका!

मी घरी बोंबललेच. "अठरा वर्षं त्या म्हाताऱ्याचे ट्रे उचलताय! राग नाही येत?"

"येतो की," बाबा म्हणाले. "पण तो कुठल्या विषयाखाली लिहायचा?"

शेवटी लिहिलाच. हाताने, बंद पाकिटात. मलाही दाखवला नाही. पाकिटावर फक्त, "विषय : एक वाक्य मिळणेबाबत."

नानांनी पाकीट फोडलंसुद्धा नाही. "नोकराला वाक्य? संहिता मंजूर झालीय. एक शब्द वाढवता येणार नाही!" स्वतः पहिल्या अंकात दीड पानाचं स्वगत वाढवलं होतं, ते सोडा. नकार मला डिक्टेट केला. "नोकराने नोकरासारखे राहावे, ही विनंती. अर्ज साभार परत."

आपल्याच बापाला हे टाइप करून द्यायचं! मी दिलं. बाबा आमटीभात जेवत होते. हात धुवून आले, पोच दिली आणि उरलेला भात संपवला. नानांचा राग आला त्यापेक्षा मला बाबांचा जास्त आला.

*

प्रयोगाचा दिवस. हॉल भरलेला, ऑफिसरही पहिल्या रांगेत. नाना खिडकीतून आले, टाळ्या पडल्या. दुसऱ्या अंकात बाबा ट्रे घेऊन आत गेले. नानांनी पत्राला हात घातला, तसा बाबांनी ट्रे मागे घेतला. आणि गोदामातल्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"पोच द्या, साहेब!"

ट्रेमध्ये दुसरा कागद होता. नानांचा हात सवयीने खिशात गेला. पेन निघालं, फुली चाचपली, सही झाली, तारीखसुद्धा पडली. हॉल फुटला. ऑफिसरला भाषा कळत नव्हती, तरी तो डोळे पुसत होता. हसू थांबेपर्यंत बाबा ट्रे धरून उभे होते. अगदी नोकरासारखे.

सकाळी नानांचं पत्र. "विषय : नामंजूर वाक्य उच्चारल्याबाबत. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा."

बाबांनी पोच दिली आणि खुलासा म्हणून माझ्या हातात एक झेरॉक्स ठेवली. मूळ प्रत चिपळूणच्या खोक्यात पॅक झाली होती.

तोच परत आलेला अर्ज होता. "अंक दुसरा. पत्र देताना नोकराने म्हणावयाचे वाक्य : पोच द्या, साहेब." त्याखाली बाबांच्याच अक्षरात, "वरील वाक्य मंजूर." त्याखाली फुली.

आणि फुलीवर नानांची सही. तारखेसकट!