इंग्रजी पंचांग

संध्याकाळी मावळतीला शुक्राची चांदणी दिसली, की मंगळ हवालदार आधी धोतराचा सोगा वर खोचून घ्यायचे. गावात कुणी नवखा असला तर तो विचारायचाच, "का वं, वड्यात उतरायचं हाय व्हय?" मग हवालदार त्या चांदणीकडं बोट करून सांगायचे, "तिथं लय चिखल हाय. महाबळेश्वराचा आखाड बरा, आसा पाऊस. नुसतं बघितलं तरी पाय भरल्यागत वाटत्यात." एवढं बोलून ते निवांत तंबाखू मळायला लागायचे. विचारणाऱ्याला मात्र हसावं की आपलंही धोतर वर घ्यावं, ते कळायचं नाही.

त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. तलाठ्याला होतं, पोस्टमनला होतं. त्यांच्या बायकोला, आमच्या काकींनाही होतं, पण त्या नवऱ्याचं नाव घेणार कशा? गाव त्यांना मंगळ हवालदार म्हणायचं आणि आम्ही शेजारची पोरं तात्या म्हणायचो. आमचं गाव कराडच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यातलं. घरटी एक जण फौजेत. जर्मनची लढाई संपल्यावर सगळे एकेक करून परत आले, कुणी बूट घेऊन, कुणी घड्याळ घेऊन, कुणी बिनकामाची शिट्टी घेऊन. तात्या आले ते एक लंगडा पाय आणि उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक घेऊन. काकींनी दोन्हीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पायाचं बघू काय तरी. ह्येचं काय करायचं?"

ते पुस्तक इटलीतल्या दवाखान्यात मिळालं होतं. तात्यांच्या शेजारच्या खाटेवर एक गोरा सार्जंट होता. पुण्याच्या छावणीत राहून गेलेला, त्यामुळं मोडकंतोडकं हिंदुस्तानी बोलणारा. एका सालात तिकडं छापलेल्या शास्त्राच्या अद्भुत कथा निवडून त्या पुस्तकात बांधल्या होत्या. शुक्रावरचा चिखल, दुसऱ्या ग्रहांवरची माणसं, आपोआप चालणारी यंत्रं, हजार वर्षांनंतरचं जग. सार्जंट खाटेवर बसून हातवारे करत एकेक कथा तात्यांना सांगायचा. बरा होऊन निघाला तेव्हा पुस्तक तात्यांच्या उशाशी ठेवून गेला. तात्या फौजेत रोमन अक्षरांचा वर्ग पास झालेले. त्यांना अक्षर लागायचं, अर्थ लागायचा नाही. पण पुस्तकात चित्रं होती आणि सार्जंटचं सांगणं तोंडपाठ होतं. तेवढ्या भांडवलावर आमच्याकडं लोक कीर्तनकार होतात.

आता पुस्तकावर सालाचा आकडा, आत ग्रहांची चित्रं आणि मजकूर सगळा पुढं काय होणार त्याचा. असलं पुस्तक गावानं आजवर एकच बघितलेलं, जोशीबुवांच्या बगलेतलं. त्यामुळं पहिल्या आठवड्यातच त्याचं नाव 'इंग्रजी पंचांग' पडलं. तात्यांनी ते नाव कधी खोडून काढलं नाही, कारण त्यांचाही समज तोच होता. म्हैस कधी विणार, ऊस कधी तोडावा, असलं विचारायला लोक येऊ लागले. जोशीबुवा तसे गमतीदार माणूस. एकदा त्यांनी विचारलं, "हवालदार, तुमच्या पंचांगात एकादशी कधी आहे?" तात्या म्हणाले, "लढाईचं रेशन खाल्लंसा न्हाई तुमी. तिकडं रोजच एकादशी." बुवा हसले, पण सोडणारे नव्हते. "अहो, पण साल उलटून गेलं. शिळं झालं तुमचं पंचांग." तात्यांनी पुस्तकावर थाप मारली. "तुमचं ह्या सालापुरतं. ह्यात फुडच्या हजार वर्साचं हाय. शिळं हुयाला येळ हाय अजून."

हिवाळ्यात गुऱ्हाळ सुरू झालं की चुलवाणाच्या उबेला तात्यांची बैठक बसायची. रस उकळतोय, गुळव्या मळी काढतोय आणि तात्या पत्र्याच्या गड्याची गोष्ट सांगताहेत. सांगितलेलं काम ऐकतो, दमत नाही, झोपत नाही. गुळव्यानं झारा थांबवून विचारलं, "खातुय काय?" तात्या म्हणाले, "त्येल." गुळव्यानं मान हलवली. "मग नगं. आमचा गडी भाकरीवर भागतुय आन् वर शिव्याबी खातुय." दुसरी एक गोष्ट होती यंत्रात बसून मागल्या सालात जाणाऱ्या माणसाची. ती ऐकून माझी आई म्हणाली, "मागं जाऊन काय करायचं? धुतलेली धुणी पुन्यांदा धुवायची व्हय?" सगळ्या पुस्तकावरचं एवढं चांगलं परीक्षण मी नंतर कुठं ऐकलं नाही.

तात्यांची सगळ्यांत आवडती गोष्ट मंगळावरची, गावानं त्यांना नाव दिलं ते तिच्यावरूनच. ती मात्र ते कधी पुरी करायचे नाहीत. कोरड्या जमिनीचं, तांबड्या मातीचं वर्णन झालं, की खोकला काढून उठायचे. "फुडचं फुडं," म्हणायचे. एवढ्या मोठ्या बोलक्या माणसाला तिथंच खोकला का येतो, हे कुणी कधी विचारलं नाही.

या मंगळाशी माझं वेगळंच वैर होतं. आमच्याकडं शेतकऱ्याच्या पोरीची पत्रिका कुणी करत नसे, नावावरून रास बघितली की झालं. पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हौस फार. पहिली लेक म्हणून त्यांनी जोशीबुवांकडून माझी पत्रिका करून घेतली, हळदी-कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली आणि तिच्यातून निघाला मंगळ. मंगळी पोरगी म्हणजे नवरा खाणारी. ही बातमी गावोगाव पोचायला पोस्टमन लागत नाही. आलेली स्थळं चहा पिऊन परत गेली. शेवटी कुणीतरी मंगळाला मंगळ म्हणून आटपाडीकडचा एक बिजवर सुचवला. त्याची पहिली बायको गेली होती, दुसरीही गेली होती आणि माणूस पन्नाशीला टेकलेला. आबा गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे तयार होणं, हे मला कळत होतं. मी गोठ्यात म्हशीच्या गळ्यात पडून रडले. म्हशीनं शेपूट मारलं, तेवढंच सांत्वन.

तेवढ्यात दुष्काळी माण तालुक्यातून, दहिवडीच्या अंगानं, एक स्थळ आलं. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरांचा एक कळप. मुलगा तरणा, हसरा, मला दाराच्या फटीतून एकदम पसंत. त्याच्या वडिलांनाही मी आवडले. पानसुपारीचं तबक पुढं आलं. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. आबांनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि जोशीबुवा घसा साफ करून म्हणाले, "मुलीला मंगळ आहे. लपवून मी पाप घेणार नाही." सुपारी अडकित्त्यात तशीच राहिली. मुलाच्या बापानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. माणसं उठायच्या आधी तसं करतात.

"थांबा," तात्या म्हणाले. "ह्या मंगळाची चवकशी केल्याशिवाय कुनी हलायचं न्हाई." "आमचं हजार वर्साचं पंचांग आना," म्हणत त्यांनी घरातून पुस्तक मागवलं, मांडीवर घेतलं, मंगळाचं पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून खणखणीत आवाजात पाच-सहा इंग्रजी शब्द वाचले. बैठक सरसावून बसली.

"काय म्हंतंय?" मुलाच्या बापानं विचारलं.

"मंगळावर पानी न्हाई. लांबच्या लांब कालवं खांदल्यात, पर पानी न्हाई."

"पाऊस?"

"ढग येत्यात, बघत्यात आन् फुडं जात्यात."

"मग खात्यात काय?"

तात्यांनी पान उलटलं. "बाजरी."

"जनावरं?"

"मेंढरं. काटक हाईत."

"आन् तरणी पोरं?"

"लांब दुसऱ्या ग्रहावर कामाला जात्यात. जत्रंला येत्यात."

म्हातारा पुस्तकाकडं बघतच राहिला. मग त्यानं घोंगडं खांद्यावरून काढून खाली ठेवलं. "आवं, ही तर आमचीच मानसं! मंगळ आमच्याच गावचा निघाला की. गाववाला गाववाल्याच्या लेकराचं वाईट करंल व्हय?" जोशीबुवा काही बोलणार, तेवढ्यात त्यानं त्यांच्यापुढं हात जोडले. "बुवा, तुमचं ह्या सालापुरतं. ह्येंचं हजार वर्साचं हाय म्हंत्यात. फोडा सुपारी." आबांनी अडकित्ता दाबला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आयुष्यात त्याच्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

सासरी निघाले तेव्हा सगळे रडत होते आणि तात्या बैलगाडीशी येऊन म्हणाले, "पानी जपून वापर गं पोरी. मंगळावर चाललीयास." रडता रडता मी इतकी हसले, की करवलीनं मला चिमटा काढला.

त्यानंतर तात्या दर वर्षी माणला यायचे. सर्व्हिस मोटारीतून खडखडत, लंगडत, घामाघूम होऊन. निमित्त ठरलेलं, "सहज आलतो, मेंढरं बघाय." पण मेंढरांकडं कधी वळून बघायचे नाहीत. दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "जावई कुठं हाईत?" मालक शेतात असले, तर पाणीही न पिता तसेच शेतात जायचे. बैल घेताना बघावं तसं त्यांना वरखाली बघायचे, दंड चाचपायचे. "खोकला न्हाई न्हवं? झोप लागती?" मालक वैतागायचे. "ह्ये तात्या तुला भेटाय येत्यात का मला तपासाय?" एकदा ते मंगळवारी आले. आमच्या घरी खंडोबाचा रविवार पाळतात, मंगळवारची आडकाठी नाही. मी हौसेनं मटण केलं. तात्यांसारख्या मटणावर तुटून पडणाऱ्या माणसानं ताट बाजूला सारलं. म्हणाले, "फौजेच्या डाक्टरनं मंगळवारी बंद केलंय." मंगळवारापुरतं मटण बंद करणारा हा कुठला डॉक्टर, म्हणून आम्ही दोघं मागं कितीतरी दिवस हसत होतो.

तात्या गेले तेव्हा मी दोन पोरांची आई होते. निरोप मिळाल्यावर आम्ही दोघं गेलो. मालकांना उंबऱ्यात धडधाकट उभं बघितलं आणि काकी जोरात रडल्या. दिवस झाल्यावर त्यांनी ते पुस्तक फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "शेवटच्या दिसापतुर तुझ्या मालकाचंच इच्यारत हुतं. ल्येकी, तुला ठावं न्हाई. तुझ्या लग्नापास्नं त्येंनी मंगळवार धरला हुता. पान्यावर. तुझ्या कुकवासाठी."

मी म्हटलं, "तात्यांनी? त्येंचा कुठं इस्वास हुता मंगळावर?"

"जोशाच्या मंगळावर नव्हता," काकी म्हणाल्या. "ह्या पुस्तकातल्यावर हुता. तुझ्या सासऱ्याला समदं खोटं सांगितलं त्येंनी. त्या गोऱ्यानं सांगितल्याली गोष्ट येगळीच हुती. पान्यापायी मंगळाची मानसं हितं उतारत्यात आन् एक गडी म्हणून जित्ता ठेवत न्हाईत. मला म्हनलं, पोरीचं लगीन तर लावलंय, आता ह्या मंगळाला आवरायचं कुनी? म्हणून धरला उपास."

म्हणजे शुक्राच्या चिखलाला खरं मानणारा हा माणूस, त्या पुस्तकातला शब्द न् शब्द खरा मानूनही, माझ्यासाठी भर बैठकीत त्यावर हात ठेवून खोटं बोलला होता. आणि मग हजार वर्षांच्या पंचांगाशी एकटा, उपाशीपोटी, मंगळवारच्या मंगळवारी लढत राहिला होता. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात मी ओक्साबोक्शी रडले. आबा गेले तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते.

माझा मंगळावर विश्वास नाही. जोशीबुवांच्या नाही आणि गोऱ्याच्याही नाही. पण तेव्हापासून आमच्या चुलीवर मंगळवारी मटण चढत नाही. मालक म्हातारे झाले, दात गेले, तरी दर मंगळवारी न चुकता कुरकुरतात, "आज तरी रस्सा कर की गं." कुरकुरू देत. ती कुरकुर ऐकायला तात्या असायला हवे होते.