योसेफबाबांचे हप्ते

संतांशी पैशाचा व्यवहार इतक्या सचोटीने करणारी बाई माझ्या सासूबाईंखेरीज साऱ्या पाथर्डी तालुक्यात नसेल, आणि त्या व्यवहारात पहिली लबाडी केली ती मी, त्यांच्या धाकट्या जावयाने. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्यांच्या गमती ऐकून तुम्ही हसाल, मीही तुमच्याबरोबर हसेन, आणि आपली चूक त्या हसण्याखाली सरकवून ठेवायची माझी जुनी सवय आहे.

सासूबाईंच्या गावात पाऊस कमी आणि नातेवाईक भरपूर. सासरे गेल्यापासून घरातला सगळा पैसा त्यांच्याच हाती येतो. कांद्याची पट्टी, दुधाचे पैसे, माझ्या मेहुण्याच्या टेम्पोचे भाडे, सगळे. तो ठेवायला त्यांनी घरातल्या घरातच बँक काढली आहे. मधल्या खोलीत एक लाकडी फळी आहे, फळीवर संतांच्या मूर्ती ओळीने उभ्या, आणि प्रत्येक मूर्तीच्या मागे पत्र्याचा एक डबा. संत योसेफांकडे घरखर्च, म्हणजे किराणा, लाइटबिल, खत, औषधपाणी. सासूबाई त्यांना योसेफबाबा म्हणतात. "त्यानं रंधा मारून देवाचं लेकरू पोसलं. घरातलं पीठ कधी संपतं ते त्याला बरोबर कळतं." पवित्र मरियेकडे लेकीसुनांची बाळंतपणे आणि लग्नकार्ये. संत अंतोनी हरवलेल्या वस्तू शोधून देतात, म्हणून उसने दिलेले आणि परत येण्याची फारशी आशा नसलेले पैसे त्यांच्या नावावर. तो डबा बहुधा रिकामाच असतो, पण सासूबाई तोही रोज पुसतात. चौथ्या डब्यापुढे मूर्ती नाही. तो शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाच्या वाटेवर थांबलेल्या आत्म्यांचा, त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, मागायला ठेवलेला. त्यांच्यावर सासूबाईंचा सगळ्यांत जास्त भरवसा. "आपन त्यांच्यासाठी मिस्सा मागायची, ते आपल्यासाठी देवाला सांगत्यात. मेलेली मानसं बुडवत न्हाईत." मेहुणा मला ही फळी पहिल्यांदा दाखवताना म्हणाला होता, "पाव्हनं, ही आमची बँक. मॅनेजर मातीचा, कॅशियर मातीचा, आन् कर्ज फक्त गुडघ्यावर बसल्यावर मिळतं."

एका डब्यातले पैसे दुसऱ्या डब्यात टाकायचे झाले तर सासूबाई तसे कधी टाकत नाहीत. आधी ज्याचे त्याला विचारावे लागते, तेही मोठ्याने. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो, तेव्हा आतून आवाज आला. "आई, तुझ्यातलं थोडं योसेफबाबाला देते. शेळी व्याली की फेडीन. त्याला त्यावरनं बोलू नको, मानूस लाजाळू हाय." कोणी पाहुणी आली असेल म्हणून मी डोकावलो, तर खोलीत त्या आणि फळीवरची मरिया, तिसरे कोणी नाही. आणि शेळी व्यायल्यावर, दुधाचे पहिले पैसे आले तेव्हा, त्यांनी ते खरोखर फेडले. बाजरी निघाली की पहिले पोते चर्चमध्ये जाते, मग खताच्या दुकानदाराची उधारी. तो दुकानदार दर वर्षी कुरकुरतो आणि दर वर्षी थांबतो.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे सासूबाई पैसे मोजत नसत. कधीच नाही. डबा तळहातावर घ्यायचा, जरा वर-खाली करायचा, आणि "हाय अजून" किंवा "आटत आलंय" एवढे म्हणून परत ठेवायचा. मी एकदा विचारले, "मामी, निदान महिन्यातून एकदा तरी मोजावं की." तर त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी चालू मिस्सेत चप्पल घालून वेदीवर चढलो आहे. "मोजलं की त्याला वाटतं, हिचा आपल्यावर भरवसा न्हाई. मग तो तरी कशाला लक्ष घालील?" किराणा दुकानातून आलेली मोडही त्या न बघता कमरेच्या पिशवीत टाकत. त्या दुकानदाराने एकदा मला बाजूला घेऊन सांगितले, "पाव्हनं, मावशी मोजत न्हाईत, म्हनून मला दोनदा मोजावं लागतं. वैताग हाय नुसता."

शिक्षेचीही पद्धत होती. एखाद्या संताने ऐकले नाही तर त्याला भिंतीकडे तोंड करून उभे करायचे. ही वेळ बहुतेक संत अंतोनींवर यायची. एका पुतण्याने म्हशीसाठी पैसे नेले आणि म्हशीसकट तो दिसेनासा झाला, तेव्हा अंतोनींनी पुष्कळ दिवस भिंत पाहिली. पुढे तो पुतण्या निम्मे पैसे घेऊन उगवला. सासूबाईंनी विचार केला आणि अंतोनींना निम्मेच वळवले. पुढचे वर्षभर ते खिडकीकडे बघत होते. योसेफबाबांवर मात्र हा प्रसंग कधी आला नव्हता. त्यांच्यावर तो आणला मी.

मी नगरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. शिकलेला माणूस, म्हणून त्या फळीला मनातल्या मनात हसायचो. आणि त्याच काळात मी स्वतः रोज मोबाईलवरच्या हिरव्या-लाल रेघांपुढे हात जोडल्यासारखा बसत होतो. कंपनीतल्या एका मित्राने शेअर घ्यायला शिकवले होते. विकायला कोणी शिकवले नाही. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले सगळे त्यात गेले. बायकोला सांगायचे धाडस झाले नाही. उपवासकाळातला एक रविवार होता, आम्ही गावी गेलो होतो. सगळे चर्चला निघाले तेव्हा मी डोके दुखते म्हणून मागे राहिलो. डोके खरेच दुखत होते, पण मी मागे राहिलो ते त्यासाठी नव्हे. कांदा नुकताच विकला होता, योसेफबाबांचा डबा जड होता, आणि सासूबाई मोजत नाहीत हे मला माहीत होते. एका हाताने मी मूर्ती बाजूला केली आणि दुसऱ्या हाताने झाकण उघडले. किती घेतले ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. मुलीची फी भरली गेली. पगारातून हळूहळू परत ठेवू, कोणाला कळणारही नाही, असे मी मनाशी ठरवले होते. मी त्यांचा हात विसरलो होतो. तो हात मोजत नव्हता, पण तो डबा रोज उचलत होता.

आठवडा उलटायच्या आत मेहुण्याचा फोन आला. तो हसत होता. "पाव्हनं, बँक बुडाली. आईनं मॅनेजरला भिंतीकडं तोंड करून उभं केलंय." मी कसेबसे विचारले, "कुणी नेलं असेल का रे?" तर म्हणाला, "मी तेच म्हनलं. तर आई म्हनती, मानसं कशाला नेतील? मानसाला माझ्याकडं मागता येतंय की." फोन ठेवून मी स्टोअरमधली नटबोल्टची खोकी पुन्हा मोजायला घेतली. खरेच होते ते. मागितले असते तर त्यांनी योसेफबाबांना विचारून, वर मरियेकडचेही थोडे घालून दिले असते.

खतासाठी त्यांना शेळी विकावी लागली. मी दर महिन्याला काही ना काही निमित्त काढून गावी जाऊ लागलो. त्या चहा ठेवायला आत गेल्या की मी थोड्या नोटा डब्यात सरकवायचो. आता योसेफबाबांची पाठ माझ्याकडे असायची आणि त्यामुळे मला जरा बरे वाटायचे, हेही सांगून टाकतो. नगरला एका फादरांकडे पापनिवेदन करून आलो. ते मला ओळखत नव्हते, म्हणूनच त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, पैसे परत करा. मी म्हणालो, करतोच आहे. ते पुढे काही विचारतील म्हणून घाईने उठलो.

वाढलेले पैसे सासूबाईंच्या लगेच लक्षात आले. त्यांना वाटले, योसेफबाबांना पश्चात्ताप झाला आहे. "देतोय. हळूहळू देतोय. लाजलाय बिचारा." मेहुणा म्हणाला, "हप्ते बांधून घेतलेत म्हन की. व्याज लावायचं का, आई?"

"संताकडनं व्याज घ्यायचं व्हय रं? गप बस."

"मग आता वळव तरी त्याला थोडं. अंतोनीला वळवलं हुतंस."

"अंतोनीचं येगळं. हा घरचा मानूस हाय. सगळं फिटल्याबिगार न्हाई."

ऑक्टोबरात घरोघरी संध्याकाळी बायका जमून मरियेची जपमाळ म्हणतात. सासूबाईंच्या घरची पाळी आली तेव्हा मी तिथेच होतो. बायका प्रार्थना करायच्या, पण सगळ्यांची नजर त्या पाठमोऱ्या मूर्तीवर. माळ झाल्यावर शेजारची बाई डोकावली. ती आमच्या धर्माची नाही, दर वर्षी ऊसतोडीला जाण्याआधी फळीवर एक नारळ आणि दहाची नोट ठेवून जाते. ती म्हणाली, "मावशी, सुतारबाबाला लई दिस झालं की उभं करून. आता बास करा."

सासूबाई म्हणाल्या, "मलाबी वाईट वाटतं गं. पन एवढा इमानदार मानूस. त्यानंच असं करावं?"

मी बशीतला चहा पीत होतो. तो संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

शेवटचा हप्ता घेऊन मी नाताळाच्या अलीकडे गेलो. पाथर्डीहून जीपमध्ये बसलो तेव्हा खिशावर हात ठेवून मनात म्हणत होतो, आज सगळे फिटते आहे, योसेफबाबा सरळ होतील, आणि कोणाला काही सांगावेही लागणार नाही. घरात शिरलो तर सासूबाई फळीखाली पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर डबा. अंगठा जिभेला लावून एकेक नोट बाजूला काढत होत्या. चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. मला बघून ओशाळल्यासारख्या हसल्या.

"या पाव्हनं. बसा. काय करावं, आता मोजल्याबिगार जेवनच जात न्हाई. सकाळी मोजते, पुन्हा वाटतं चुकलं आसंल. पहिलं कसं, डबा हातात घेतला की पोट भरायचं."

खिशातल्या नोटा मी डब्यात सरकवू शकलो असतो. त्या चहा ठेवायला उठल्याही होत्या. मी म्हणालो, "मामी, चहा नको. खाली बसा." आणि सांगितले. रविवार सांगितला, डोकेदुखी सांगितली, मोबाईल सांगितला, फी सांगितली. सांगताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

मला वाटले होते, त्या रडतील किंवा शिव्या देतील. त्या उठल्या. दोन्ही हातांनी मूर्ती उचलून सरळ केली. इतके महिने भिंतीशी असलेल्या त्या चेहऱ्यावर कोळ्याचे बारीक जाळे बसले होते. ते पदराने पुसताना त्या मूर्तीशीच बोलत होत्या, अगदी हळू. "बोलला का न्हाईस रं बाबा? एवढं सोसलंस, तोंडातनं शब्द न्हाई काढला." मग तशाच पाठमोऱ्या उभ्या राहून माझ्याशी बोलल्या. "पाव्हनं, जावयाला मी काय बोलू? माझं ऱ्हाऊ द्या. त्याची माफी मागा आधी."

चाळीशी उलटलेला, केस पिकलेला माणूस मी, फळीपुढे गुडघ्यावर बसलो. म्हणालो, "योसेफबाबा, तुमची काही चूक नव्हती. माझी होती." ते सोपे गेले. मातीच्या माणसापुढे बोलणे मला पूर्वीपासून सोपे जाते.

उठलो आणि खिशातल्या नोटा सासूबाईंच्या हातात दिल्या. त्यांचा अंगठा सवयीने जिभेकडे गेला, तिथे क्षणभर थांबला, आणि मग त्यांनी तो पदराला पुसला. नोटा तशाच डब्यात टाकल्या. झाकण लावायला त्यांना जरा वेळ लागला, कारण झाकण वाकडे झाले होते. मी ते त्यांच्या हातातून घेऊन दाबून बसवले आणि त्यांच्याकडे बघत म्हणालो, "मामी, पैसे नेले ते वाईटच केलं, ते आज फिटले. पण मी तुम्हाला मोजायला लावलं. त्याबद्दल मला माफ करा."