हे काय, झालंच!

हे मी लिहिणारच नव्हते. मावशी म्हणाली, "नको गं, आणखी चिडतील." चिडू देत!

माझी मावशी लॅबमध्ये रक्त काढते. म्हणजे काढायची. सुई अजून हातातच असते आणि ही म्हणते, "हे काय, झालंच!" घरीही तेच. आम्ही चपला घालून दारात उभे, ही आत केस विंचरत, "झालंच, झालंच!" काका म्हणतात, "हिचं झालंच म्हणजे अजून सुरूच नाही." मलाही जाम वैताग येतो, खोटं कशाला बोलू?

तर एका बाईने तक्रार केली. "झालंच म्हणत म्हणत दोनदा टोचलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" लॅबच्या नव्या मॅडमनी मावशीला बजावलं, "यापुढे म्हणायचं, 'आता थोडं टोचेल, कृपया हात हलवू नका.' जमत नसेल तर मागच्या खोलीत बसून नळ्यांना लेबलं चिकटवा."

मावशीने घरी आरशासमोर घोकलं. काका पेपरमागून म्हणाले, "दरोडा घालायला निघालीस का गं?"

दुसऱ्या दिवशी मॅडम शेजारीच उभ्या. मावशीने वाक्य धडाधड म्हटलं, अगदी कृपयासकट. सुई लावली आणि तोंडातून निघालंच, "हे काय, झालंच!"

"ताई!" मॅडम ओरडल्या.

मावशीने आधी रक्त काढलं, कापूस दाबून धरला आणि मग म्हणाली, "खोटं बोलते मी, कबूल. पण सुई माझ्या हातातली, तर बोलणंही माझ्याच तोंडातलं. तुमचं वाक्य तुम्ही म्हणा, मी नुसती टोचते."

"मग मागे जा."

"जाते!"

आणि गेली. मी म्हटलं, सॉरी म्हणून टाक ना, रक्त काढायची खुर्ची परत मिळेल. तर म्हणते, "कशाबद्दल?"

खरंच, कशाबद्दल? आमचे सर दर वाक्याला "लक्षात आलं का?" विचारतात, कुणाच्या काही लक्षात येत नाही, त्यांना कोणी मागच्या खोलीत बसवलं? मॅडम स्वतः "बेसिकली"शिवाय श्वास घेत नाहीत!

तिथे मावशीला दिवसभर बोलायला कुणी नाही, आणि गप्प बसणं तिच्या रक्तातच नाही. लॅबच्या मागच्या गल्लीत हिरवं दार आहे. दुपारी ती तिथल्या पायरीवर डबा खाते. तिच्याकडून कधी टोचून घेतलं असेल, तर जा, भेटा तिला. बघू नंतर असं नको, याच आठवड्यात जा.