झिऱ्याला घाई नसते

केसपेपरवर जे लिहिता येत नाही, ते मी आयुष्यभर खरे मानले नाही. ही एक घटना मात्र कागदाबाहेर राहिली... वय झाले, म्हणून सांगतो.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्यात, मी सांगलीच्या एका लहान रुग्णालयात धाकटा डॉक्टर होतो. त्या काळी पोरांना मुतखडे फार होत. आमचे थोरले डॉक्टर ते खडे काढण्याचेच काम करीत. मुलाजवळ जाताना ते जोडे काढीत आणि बुटक्या स्टुलावर बसून, मान वर करून त्याच्याशी बोलत. मुलगी असली तर तिला ‘पाव्हणी’ म्हणत. त्यांचा पहिला प्रश्न आजाराचा नसे — “तुमच्याकडं पानी कुठनं येतं?” मला तो वेळेचा अपव्यय वाटे.

लघवीची नळी काढली की भ्यालेले मूल लघवी अडवून धरी. कृष्णाकाठच्या पोराला ते म्हणत, “आता पाट फोड बघू.” उसाला पाणी पाजणाऱ्या घरचे पोर हसे... आणि काम होई.

थोरले डॉक्टर वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुष्काळी माण मुलखातल्या एका धनगराची सात वर्षांची तानी आली. खडा मी काढला. जखम भरली. नळी सकाळी काढली. दुपारपर्यंत थेंब नाही. पोट ताठरले. मी तीनदा दरडावले — पाट फोड. तिने पाट कधी पाहिलाच नसेल, हे मला सुचले नाही.

चार वाजता पुन्हा भूल देण्याचे ठरवले. दुसरी भूल ती सोसेल, याची मला खात्री नव्हती. तिची आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“आवं डाक्टर, एकलीच हाय ती मला.”

मी तिच्याबरोबर वॉर्डात गेलो. तानी उठून बसली होती. अंथरूण ओले. खाटेशी थोरल्यांचे बुटके स्टूल होते. ते गेल्यावर मीच ते कोठीत कुलूपबंद केले होते. किल्ली माझ्या खिशात होती.

“आजोबा आलं हुतं,” तानी म्हणाली. “मला पाव्हणी म्हनलं. पानी कुठनं येतं इचारलं. म्या सांगितलं, नदीच्या वाळूत झिरा उकरतो. तर म्हनलं, मग झिऱ्याला घाई न्हाई करायची. पानी साचंस्तवर गप बसायचं. आन बसलं की माझ्यासंगट.”

“दिसायला कसं हुतं गं?” आईने विचारले.

“अनवानी.”

परिचारिका दाराशीच बसून होती. आत कोणी गेले नव्हते, असे तिने शपथेवर सांगितले. मी कोठी पाहिली. कुलूप जसेच्या तसे होते.

याचा उलगडा मला तेव्हा झाला नाही, आजही नाही. स्टूल मी परत कोठीत ठेवले नाही. निवृत्त होईपर्यंत त्यावरच बसलो — जोडे काढून.